पाठ्यपुस्तक हातात घेऊन मैदानावर : पर्यावरण शिक्षणासाठी शिक्षकांचं प्रशिक्षण कसं घ्यावं

पर्यावरण शिक्षणाचं प्रशिक्षण घ्यायचं म्हटलं की आयोजक आधी वक्ते शोधायला लागतात. हवामान बदलावर एक, जैवविविधतेवर एक, कचऱ्यावर एक. दिवसभर व्याख्यानं होतात, शिक्षक मन लावून टिपणं काढतात आणि शाळेत परतल्यावर त्या वहीचं काय करायचं हे कुणालाच सुचत नाही. त्यांना माहिती मिळालेली असते, पाठ मिळालेला नसतो. सोमवारी तिसऱ्या तासाला शेकडेवारी शिकवायची आहे, त्यात पर्यावरण कुठून आणि कसं आणायचं, हा शिक्षकाचा खरा प्रश्न असतो. प्रशिक्षण त्याच प्रश्नाभोवती बांधायला हवं.

१९७७ साली युनेस्को आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात भरवलेल्या परिषदेत पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टं मांडली गेली : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्यं आणि सहभाग. व्याख्यानातून पहिली दोन थोडीफार साधतात. उरलेली तीन स्वतः केल्याशिवाय अंगात येत नाहीत, मुलांच्याही आणि शिक्षकांच्याही. ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी १९८० च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल जे दाखवलं ते इथे पुरेपूर लागू पडतं. नुसतं समजावून सांगितलेलं किंवा करून दाखवलेलं वर्गापर्यंत फारसं पोचत नाही. शिक्षकाने सराव केला, त्याला प्रतिसाद मिळाला आणि नंतर त्याच्या स्वतःच्या वर्गात सोबतीला कुणी राहिलं, तरच शिकवण्याची पद्धत बदलते.

म्हणून निघताना प्रत्येक शिक्षकाकडे तीन गोष्टी असाव्यात. स्वतःच्या पाठ्यपुस्तकातल्या एका घटकावर बेतलेलं एक पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा), तो पाठ सहकाऱ्यांसमोर एकदा घेतल्याचा अनुभव, आणि वर्गात तो घ्यायची ठरलेली तारीख. एवढं झालं तर प्रशिक्षण झालं. बाकी सगळं याच्या तयारीसाठी आहे.

किती जण, किती दिवस

सलग तीन दिवसांपेक्षा दोन दिवस, मग चार ते सहा आठवड्यांचं अंतर आणि मग एक दिवस, ही रचना कितीतरी चांगली. मधल्या काळात शिक्षक पाठ घेतात, तो फसतो किंवा रंगतो, आणि तिसऱ्या दिवशी ते खरे प्रश्न घेऊन येतात. पहिल्या दोन दिवसांत विचारले जाणारे प्रश्न बरेचसे काल्पनिक असतात.

संख्या २४ ठेवा. चार-चारचे सहा गट होतात आणि उघड्यावर आवाज सगळ्यांपर्यंत पोचतो. खरं गणित मात्र सराव पाठांचं, म्हणजे जोडीने सहकाऱ्यांसमोर घ्यायच्या छोट्या पाठांचं आहे. २४ शिक्षकांच्या १२ जोड्या, दोन खोल्यांत एकाच वेळी पाठ, म्हणजे खोलीत सहा जोड्या. १२ मिनिटांचा पाठ आणि ८ मिनिटांची चर्चा धरली तर दोन तासांत काम होतं. हेच ४० जण आले तर खोलीत दहा जोड्या आणि तीन तास वीस मिनिटं. शेवटच्या चार जोड्यांचा पाठ कुणी लक्ष देऊन पाहत नाही. मग आयोजक सराव पाठच गाळतात आणि प्रशिक्षणाचा कणाच मोडतो. चाळीस जणांना घ्यायचं असेल तर दोन तुकड्या करा.

शाळेतून शक्यतो दोन शिक्षक बोलवा. एकटा शिक्षक परतल्यावर एकटाच पडतो. मुलांना घेऊन मैदानावर गेला की बाकीच्यांना वाटतं, तास बुडवला. दोघं असले की एक बोलतो, दुसरा बाजू घेतो.

मुख्याध्यापकांना पहिल्या दिवशी अर्धा दिवस बोलवा. उद्घाटनाला नको, कामाला. त्यांच्याकडून तीन गोष्टी नेमक्या मागायच्या : तासाच्या वेळेत वर्ग बाहेर न्यायची परवानगी, आठवड्यातून एकदा दोन तासिका जोडून देणं, आणि साहित्य ठेवायला एक कप्पा. "पाठिंबा द्या" असं मोघम सांगितलं तर मोघमच पाठिंबा मिळतो.

येताना प्रत्येकाने ते शिकवत असलेल्या इयत्तेचं पाठ्यपुस्तक, वार्षिक नियोजन आणि वेळापत्रक आणायचं. निरोपात हे ठळक लिहा आणि आदल्या दिवशी पुन्हा आठवण द्या. तरी काही जण रिकाम्या हाताने येतात, त्यामुळे निरनिराळ्या इयत्तांची चार-पाच पुस्तकं जवळ असू द्या.

जागा आणि साहित्य

आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी जाणार त्याच वेळी, ती जागा पायी फिरून पाहा. सकाळी सावलीत असलेला कोपरा दुपारी तापलेला असतो. फुटक्या काचा, उघडी गटारं, मधमाश्यांचं पोळं, साचलेलं पाणी कुठे आहे ते टिपून ठेवा.

जागा मुद्दाम साधी निवडा. शाळेचं आवार, कुंपणाची कड, भिंतीच्या भेगेत उगवलेलं रोप, नळाखालची ओल, एखादं झाड. दाट झाडीत नेऊन प्रशिक्षण घेतलं की शिक्षक खूश होतात, पण "आमच्याकडे असं काही नाही" हे वाक्य सोबत घेऊनच परततात.

चौघांच्या गटाला लागणारं साहित्य थोडकं आहे :

- सुतळी ५ मीटर आणि हातभर लांबीच्या चार काड्या
- मोजपट्टीची टेप, शक्यतो ३ मीटरची
- दोन भिंगं
- एक अल्कोहोलची तापमापी (पाऱ्याची नको, फुटली तर पारा विषारी)
- ५०० मिलिलीटरचं मोजपात्र
- लिहायला पाठीमागे पुठ्ठा आणि पेन्सिल (ओल लागली की पेनची शाई पसरते)
- पांढऱ्या कापडाचा किंवा कागदाचा मोठा तुकडा

याशिवाय सगळ्यांत मिळून एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा. शाळेत जमवता येणार नाही अशी एकही वस्तू प्रशिक्षणात वापरू नका. शिक्षक उपकरणाच्या प्रेमात पडतो आणि ते नाही म्हणून पाठ घेत नाही.

तापमाप्यांची एक खबरदारी हमखास राहून जाते. सगळ्या तापमाप्या एकाच भांड्यातल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि आकडे वाचा. स्वस्त तापमाप्यांत एक-दोन अंशांचा फरक सहज निघतो. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून फरक लिहून ठेवा, नाहीतर झाडाखालचं तापमान आणि तापमापीची चूक यांत गल्लत होते.

पहिला दिवस : सुरुवात बाहेरूनच

नावनोंदणी झाली की दहा मिनिटांत सगळे बाहेर. पहिला उपक्रम एक चौरस मीटरचा. सुतळीला चार मीटरचा फास करा, गाठीसाठी वीसेक सेंटिमीटर जादा धरा, दर मीटरवर खूण करा. चार खुणांवर चार काड्या रोवल्या की चौकट तयार. ती हमखास तिरकी होते. दोन्ही कर्ण मोजायचे. ते १४१ सेंटिमीटरच्या आसपास आले तर चौरस बरोबर. गणिताच्या शिक्षकाला इथेच पहिला धागा सापडतो.

प्रत्येक गटाने दोन चौकटी टाकायच्या, एक पायवाटेवर आणि एक जिथे कुणाचा वावर नाही तिथे. काम इतकंच की वनस्पतींचे किती प्रकार दिसतात ते मोजायचं. नावं विचारायची नाहीत. "खरखरीत पानाची", "लाल देठाची", "जमिनीला चिकटलेली" अशी कामचलाऊ नावं द्यायची. याचं कारण महत्त्वाचं आहे. शिक्षक मुलांना बाहेर न्यायला कचरतात, कारण "मुलांनी झाडाचं नाव विचारलं आणि मला आलं नाही तर?" नावाशिवायही निरीक्षण, मोजणी आणि तुलना होते, हे पहिल्या तासातच अनुभवाला आलं की ही भीती निम्मी गळून पडते.

गट चौकट नेहमी "चांगल्या" जागी टाकतात, जिथे भरपूर काही दिसतंय तिथे. मग सगळ्यांचे आकडे फुगलेले येतात. ही चूक एकदा होऊ द्या आणि नंतर विचारा, "ही जागा कुणी निवडली? का?" दुसऱ्या खेपेला लुडोचा फासा दोनदा टाकायचा, पहिला आकडा पुढची पावलं, दुसरा उजवीकडची, आणि पोचू तिथे चौकट. नमुना निवड हा अवघड वाटणारा विषय पाच मिनिटांत समजतो.

पायवाटेवर प्रकार कमी आणि जमिनीलगत पसरणारी रोपं जास्त का? पेन्सिल जमिनीत टोचून बघायला सांगा. पायवाटेवर ती जात नाही. माती दबल्याने हवा आणि पाणी मुरायला जागा राहत नाही, आणि ज्यांचा वाढीचा शेंडा मातीलगत असतो तीच रोपं तुडवली जाऊनही तग धरतात. हे तुम्ही सांगायचं नाही. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. प्रशिक्षकाने स्वतः हे पाळलं तर शिक्षक ते पाहून शिकतात. मनात एक-दोन-तीन मोजा. फार लांब वाटतं, पण थांबा.

पाठ्यपुस्तकात खुणा

या सत्राला किमान दीड तास द्या. यात घाई केली तर पुढचं सगळं लटकं पडतं.

शिक्षकांनी आपलं पुस्तक उघडून घटकांवर खुणा करायच्या. एक खूण जिथे पर्यावरण विषयातच आहे त्याला, दुसरी जिथे पर्यावरणाची सामग्री वापरून तेच कौशल्य शिकवता येईल त्याला. सगळी गंमत दुसऱ्या खुणेत आहे. शेकडेवारी, सरासरी, स्तंभालेख, क्षेत्रफळ, घनफळ, वर्णनपर लेखन, सूचना लिहिणं, मुलाखत, नकाशावाचन, गावाच्या किंवा वस्तीच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास, रेखाचित्र, अशा कितीतरी जागा निघतात. भाषेच्या शिक्षकांना वाटतं आपल्याला काही नाही, पण प्रत्यक्षात सगळ्यांत मोकळी जागा त्यांच्याकडे असते. पाच मिनिटं एकाच पानाकडे बघून त्याचं असं वर्णन लिहा की दुसऱ्याला ढिगातून तेच पान शोधता यावं. वर्णनपर लेखनाची याहून नेटकी परीक्षा नाही.

निवडलेल्या जागेला एक कसोटी लावायची : हा उपक्रम काढून टाकला तर घटकाचं उद्दिष्ट अपुरं राहतं का? राहत नसेल तर तो वरून चिकटवलेला आहे आणि अभ्यासक्रम मागे पडला की पहिला तोच गळेल. "शेकडेवारी शिकवून झाल्यावर कचऱ्याचं भित्तिपत्रक करा" हे चिकटवलेलं. "वर्गातल्या कचऱ्याचं वजन करून त्यातल्या प्रत्येक प्रकाराची शेकडेवारी काढा" यात शेकडेवारी शिकण्याचंच काम होतं, जादा तासिका लागत नाही.

तीन पाठ, तपशिलासह

शिक्षकांनी स्वतःचा पाठ बांधण्याआधी दोन-तीन पाठ विद्यार्थी म्हणून करून पाहावेत. पुढचे तीन भरवशाचे आहेत.

*वर्गातला कचरा.* पाच दिवसांचा कोरडा कचरा एका पिशवीत साठवायचा. एका दिवसाचा आकडा फसवा असतो, हस्तकलेच्या दिवशी कागद तिप्पट निघतो. जमिनीवर दोन मीटर बाय दोन मीटरची जुनी चादर अंथरायची, हातमोजे घालून कचरा कागद, प्लास्टिक, पेन्सिलीची टरफलं, इतर अशा ढिगांत वेगळा करायचा आणि प्रत्येकाचं वजन करायचं. रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायला मुलं हमखास विसरतात. ताणकाटा मोठ्या वजनाचा असेल तर हलका कागद त्यावर शून्यच दाखवतो, म्हणून ग्रॅमचा काटा हवा. समजा एकूण १,२०० ग्रॅम भरला आणि त्यात कागद ५४० ग्रॅम, म्हणजे ४५ टक्के. आता खरा प्रश्न : यातला दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद किती? तो वेगळा मोजला की बोलणं आपोआप "काय करता येईल" याकडे वळतं. काच, ब्लेड, सुई नाही ना हे ढीग करण्याआधी मोठ्या माणसाने तपासायचं.

*गळका नळ.* नळाखाली मोजपात्र दहा मिनिटं ठेवा, जमलेल्या पाण्याला १४४ ने गुणा, दिवसाचा हिशेब निघतो. गळती अगदी बारीक असेल तर थेंब मोजूनही करता येतं. साधारण २० थेंबांचा एक मिलिलीटर होतो, सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सुमारे ४.३ लीटर. थेंबाचा आकार नळागणिक बदलतो, म्हणून २० हा आकडा मुलांना आयता देऊ नका, मोजपात्रात थेंब मोजून त्यांनाच काढू द्या. पाठ झाल्यावर नळ दुरुस्त झालाच पाहिजे. मोजला आणि तसाच सोडला, तर मुलं एवढंच शिकतात की मोजण्याने काही होत नाही.

*बर्फ आणि पाण्याची पातळी.* सारखे दोन पारदर्शक पेले. एकात मोठा दगड, त्याचा माथा पाण्याबाहेर आणि बर्फाचे खडे त्या माथ्यावर. दुसऱ्यात तेवढेच खडे पाण्यात तरंगते. दोन्हीकडे बर्फ असतानाच पातळीची खूण करा. आता अंदाज लिहायला लावा आणि दुसऱ्या कामाला लागा, बर्फ वितळायला वेळ जातो. पहिल्या पेल्यात पातळी चढते, दुसऱ्यात तिथेच राहते, कारण तरंगता बर्फ स्वतःच्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. हा प्रयोग फसतो तो एकाच कारणाने : दुसऱ्या पेल्यात पाणी कमी आणि बर्फ जास्त, त्यामुळे खडे तळाला टेकतात आणि वितळल्यावर तिथेही पातळी चढते. बर्फाखाली बोटभर तरी पाणी मोकळं दिसायला हवं. जमिनीवरचा बर्फ वितळल्याने समुद्र चढतो हे इथे दिसतं. तापलेलं पाणी प्रसरण पावतं, हे दुसरं कारण या प्रयोगात दिसत नाही, ते शब्दांत सांगावं लागतं.

पावसाळ्यात पर्जन्यमापकही सोपा आहे. सरळ भिंतीच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवायचा, तळाची गोलाई खडे आणि पाण्याने भरून तिथे शून्याची खूण. ती गोलाई न भरल्यामुळेच बहुतेक शाळांतले आकडे चुकतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लीटर पाणी. ५० चौरस मीटरच्या छतावर २० मिलिमीटर पाऊस झाला तर १,००० लीटर. कंपोस्टचा खड्डा मात्र पहिला पाठ म्हणून निवडू देऊ नका. चांगला उपक्रम आहे, पण निकाल दिसायला महिने लागतात आणि ओला कचरा जास्त, पालापाचोळा कमी झाला की आठवड्यात वास सुटतो आणि उपक्रम तिथेच संपतो. करायचाच असेल तर आकारमानाने एक वाटा ओल्याला तीन वाटे कोरडा पाला घाला. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंबच निघतील इतकीच ओल ठेवा.

शिक्षकांच्याही मनातल्या चुकीच्या कल्पना

तीन-चार कल्पना जवळजवळ प्रत्येक तुकडीत निघतात. ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते, ही पहिली. ओझोनचा थर सूर्याची अतिनील किरणं अडवतो. पृथ्वी तापते ती कार्बन डायऑक्साइडसारखे वायू जमिनीतून परत जाणारी उष्णता धरून ठेवतात म्हणून. पूर्वी फ्रीजमध्ये वापरल्या जाणाऱ्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंचा दोन्हीत हात आहे, त्यामुळे गोंधळ वाढतो. दुसरी, झाडं दिवसा ऑक्सिजन देतात आणि फक्त रात्री श्वसन करतात. झाडं श्वसन दिवसरात्र करतात, दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याहून जास्त होतं इतकंच. तिसरी, "काल थंडी होती, मग तापमानवाढ कुठे आहे?" कालची थंडी म्हणजे हवा. हवामान म्हणजे साधारण ३० वर्षांची सरासरी.

या चुका चारचौघांत दाखवल्या तर शिक्षक मिटून जातो. विधानं कागदावर द्या, नाव न लिहिता "बरोबर, चूक, खात्री नाही" अशा खुणा घ्या, चिठ्ठ्या गोळा करून आकडे फळ्यावर मांडा. निम्म्याहून जास्त जण चुकलेत हे दिसलं की कुणालाच लाज वाटत नाही आणि बोलणं मोकळं होतं. "खात्री नाही" हा पर्याय जरूर ठेवा. शिक्षकाने वर्गात "मला नक्की माहीत नाही, आपण शोधू" म्हणणं हे एक कौशल्य आहे आणि त्याचा सराव इथूनच सुरू होतो.

दुसरा दिवस : वर्ग बाहेर नेणं

४० मिनिटांच्या तासिकेचा हिशेब शिक्षकांकडून लिहून घ्या. पाच मिनिटं वर्गातच सूचना, तीन मिनिटं जाणं, सतरा मिनिटं काम, तीन मिनिटं परत, बारा मिनिटं चर्चा. वेळ कमी पडला की शिक्षक चर्चा कापतात, तिथेच पाठाची सहल होते. कापायचं असेल तर काम कापा. दोन चौकटींऐवजी एक टाका, पण बारा मिनिटं सोडू नका.

सूचना नेहमी आतच द्यायच्या. बाहेर गेल्यावर मुलांचं लक्ष शिक्षकाकडे नसतंच, आणि ते असू नये. गटातल्या चौघांना कामं आधीच वाटून द्या : एक मोजणारा, एक लिहिणारा, एक निरीक्षण सांगणारा, एक वेळ आणि साहित्य सांभाळणारा. पुढच्या वेळी कामं बदलायची, नाहीतर लिहायचं काम कायम त्याच एका मुलीकडे जातं. हद्द दिसेल अशी सांगा, "त्या झाडापासून त्या खांबापर्यंत". परत बोलावण्याची एक खूण ठरवा आणि काम सुरू करण्याआधी दोनदा तिचा सराव घ्या. गोल उभं करताना ऊन शिक्षकाच्या तोंडावर आणि मुलांच्या पाठीवर. उलट केलं की मुलं डोळे किलकिले करत कुजबुजायला लागतात.

दगड उचलला तर होता तसा परत ठेवायचा, पान-फूल तोडायचं नाही, घरटं आणि बीळ लांबून बघायचं, परतल्यावर साबणाने हात धुवायचे. कुणाला कीटकदंशाची अॅलर्जी आहे का, हे शिक्षकाला आधी माहीत हवं. पाण्याच्या काठी एका मोठ्या माणसाबरोबर पूर्ण वर्ग कधीच न्यायचा नाही.

सराव पाठ

ही पद्धत १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापन म्हणून रूढ केली. छोटा पाठ, एखाददुसरं कौशल्य, लगेच प्रतिसाद. प्रत्येक जोडीने १२ मिनिटांत पूर्ण पाठ उरकायचा नाही. सूचना देणं आणि शेवटची चर्चा घेणं, या दोनच तुकड्या करून दाखवायच्या. समोर बसलेल्यांनी त्या इयत्तेच्या मुलांसारखी उत्तरं द्यायची, दंगा करणाऱ्या मुलांचं नाटक करायचं नाही. त्यात हशा पिकतो आणि पाठ घेणारा उघडा पडतो.

एक निरीक्षक चार गोष्टी टिपतो : शिक्षक किती मिनिटं बोलला, पहिलं काम सुरू व्हायला किती वेळ गेला, एकाहून जास्त उत्तरं येऊ शकतील असे किती प्रश्न विचारले, आणि पाठ्यपुस्तकातलं उद्दिष्ट कुठे आलं. चर्चेत आधी पाठ घेणारी जोडी बोलते, मग निरीक्षक आकडे वाचतो, मग एकच सूचना. "छान झालं" या शब्दांनी कुणाचंच काही सुधारत नाही, आणि सात सूचनांनीही नाही.

भीती आणि वाद

लहान मुलांना जळणारी जंगलं आणि मरणारे प्राणी दाखवून पर्यावरणाची गोडी लागत नाही, हतबलता येते. प्राथमिक वर्गांत ओळख आणि जवळीक पुरेशी आहे. मोठ्या वर्गांत संकटाबद्दल जरूर बोलावं, पण त्याच तासात मुलांच्या आवाक्यातलं काहीतरी कृतीत यावं. मुलांना घरी जाऊन मोठ्यांना टोकायला लावू नका. मोजलेली आकडेवारी घरी नेऊन दाखवणं वेगळं आणि बापाला गुन्हेगार ठरवणं वेगळं.

जिथे एखादा कारखाना नदी बिघडवतो आणि वर्गातल्या मुलांचे आईबाप तिथेच कामाला आहेत, तिथे शिक्षक विषय टाळतो. त्याला दोष देता येत नाही. प्रशिक्षणात यासाठी भूमिकांचा खेळ घ्या : कामगार, काठावरचा रहिवासी, मालक, आरोग्य कर्मचारी. प्रत्येकाने आपलं म्हणणं एका पुराव्यासह मांडायचं, आणि पुरावा तपासायचे प्रश्न बाकीच्यांनी विचारायचे. निकाल लावायचा नाही. शिक्षकाने कोणती बाजू घ्यावी हा प्रश्न इथे महत्त्वाचा नाही, मुलांना पुरावा ओळखता आला पाहिजे.

परतल्यानंतर

तिसऱ्या दिवसाची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा आणि येताना तीन वस्तू आणायला सांगा : मुलांच्या वह्यांची चार पानं (त्यातलं एक कच्च्या मुलाचं), पाठ टाचणावर लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या, आणि फसलेली एक गोष्ट. मधल्या काळात जमेल तितक्या वर्गांत स्वतः जाऊन मागे बसा, वही बंद ठेवून. तपासणी वाटली की शिक्षक नेहमीचा पाठ घेतो. जाणं शक्य नसेल तर त्याच शाळेतल्या दोघांनी एकमेकांचा पाठ पाहायचा आणि चार मुद्द्यांचा तोच तक्ता भरायचा.

मूल्यमापन लावलेल्या रोपांच्या संख्येवर करू नका. मुलांना पाठाआधी आणि पाठानंतर तोच एक प्रश्न द्या, उदाहरणार्थ "आपल्या वर्गातला कचरा कुठून येतो आणि कुठे जातो ते चित्राने दाखवा." दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की बाण किती वाढले, काय नवीन आलं, काय अजूनही चुकतंय हे शिक्षकालाच दिसतं. पाठ टाचणाची पुढची सुधारणा त्यावरूनच होते.

साहित्याच्या कप्प्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर करा आणि दाराला आतून यादी चिकटवा. सुतळी संपते, भिंगं हरवतात, तापमापी फुटते. यादीत त्याची नोंद झाली नाही, तर पुढच्या तासाच्या पाच मिनिटं आधी कळतं आणि तो पाठ वर्गातच, फळ्यावर होतो.